मराठवाड्यातून प्रतिसाद नाही म्हणे!

राज्यस्तरीय म्हणवणाऱ्या कुठल्याही संघटनेचा वार्षिक अहवाल काढून बघा. ती शिक्षकांची असो, लेखकांची असो की मुस्लिम समाजाच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्यांची. शेवटच्या पानांवर कुठेतरी दोन गोष्टी हमखास लिहिलेल्या असतात. एक, मराठवाड्यातून प्रतिसाद कमी मिळतो. दोन, महिलांचा सहभाग वाढवला पाहिजे. दरवर्षी त्याच दोन ओळी, फक्त साल बदललेले.

आता त्याच संघटनेच्या बैठकीचे निमंत्रण बघा. वार रविवार. वेळ सकाळी ठीक दहा. स्थळ पुणे, कुठल्या तरी पेठेतले सभागृह. खाली एक ओळ : सर्वांनी वेळेवर उपस्थित राहावे. अहवालातल्या दोन ओळींचे उत्तर या निमंत्रणात आहे, पण दोन्ही कागद शेजारी ठेवून कुणी वाचत नाही. आज मला ते वाचायचे आहेत.

मी बीडचा. उर्दू आणि मराठी शिकवतो. गेली अनेक वर्षे अशा बैठकांना जातो आहे. म्हणून हिशेब तोंडपाठ आहे. रविवारी सकाळी दहाला पुण्यात बसायचे असेल तर शनिवारी रात्री दहा-अकराच्या सुमारास बीडच्या स्टँडवरून निघावे लागते. आष्टी, कडा, नगर, शिरूर असे करत सहा तासांचा रस्ता. पहाटे साडेचार-पाचला गाडी वाकडेवाडीला सोडते. मेट्रो सहाला सुरू होते. सभागृहाचे कुलूप नऊला उघडते. मधले चार तास कुठे काढायचे, हे निमंत्रणात कधीच लिहिलेले नसते. तोंड कुठे धुवायचे, कपडे कुठे बदलायचे, फजरची नमाज पढणाऱ्याने वजू कुठे करायचा, हेही नसते. ज्याचे पुण्यात नातेवाईक आहेत त्याचे भागते. ज्याचे नाहीत तो स्टँडच्या बाकावर बॅग उशाला घेऊन उजाडायची वाट बघतो.

बैठक पाचला संपणार असे सांगतात. आभारप्रदर्शनाला सहा वाजतात. मग पुन्हा रिक्षा, पुन्हा स्टँड, पुन्हा रात्रीची गाडी. सोमवारी पहाटे बीड आणि सकाळी शाळेत परिपाठ. दोन रात्री झोपेविना आणि मधल्या दिवसात ‘शिक्षणाचे भवितव्य’ या विषयावर चिंतन! पुणेकर सदस्य त्याच बैठकीला घरचा नाश्ता करून येतो आणि संध्याकाळी मुलांबरोबर जेवायला घरी असतो. सदस्यत्वाची वर्गणी मात्र दोघांची सारखीच.

पैशांचेही बोलू. तिकीट, शहरातली रिक्षा, दोन वेळचे खाणे, चहा. जाऊन-येऊन हजार रुपये सहज जातात. जानेवारी २०२५ मध्ये एसटीची भाडेवाढ जवळजवळ पंधरा टक्के झाली. प्राथमिक शाळेतल्या शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ च्या वाढीनंतर महिना १६ हजार आहे. त्याच्यासाठी ही एक बैठक म्हणजे दोन दिवसांची कमाई. गाडी भरली म्हणून खासगी ट्रॅव्हल्सने जायचे तर सणासुदीला भाव विचारूच नका. खासगी बसने एसटीच्या दीडपटीहून जास्त भाडे घेऊ नये, असा शासनाचा निर्णय २०१८ पासून आहे. तो निर्णय दिवाळीच्या आठवड्यात तिकीट काढणाऱ्या किती जणांना भेटला, हे ज्याचे त्याने सांगावे.

यावर लगेच कुणीतरी म्हणेल, आता तुमच्याकडे रेल्वे आली की! हो, आली. १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून नगरला पहिली प्रवासी गाडी सुटली. लोक स्टेशनवर लोटले होते आणि ते लोटणारच. अहमदनगर-बीड-परळी मार्ग १९९५-९६ साली मंजूर झाला. लांबी २६१ किलोमीटर. पुढे खर्च ४८०५ कोटींवर गेला आणि निम्मा वाटा राज्याने उचलायचे ठरले. आष्टीपर्यंत गाडी यायला २०२२ उजाडले, बीडपर्यंत यायला २०२५. मंजुरीच्या वर्षी जन्मलेले मूल आज तिशीत आहे. तेवढ्या काळात त्याने नोकरीच्या मुलाखतींसाठी किती रात्री एसटीत काढल्या असतील?

आता या गाडीने पुण्याच्या बैठकीला जाऊन बघू. सुरू झाली तेव्हा जाहीर झालेले वेळापत्रक असे : नगरहून सकाळी ६.५५ ला निघून दुपारी साडेबाराला बीड, आणि बीडहून दुपारी एकला निघून संध्याकाळी साडेसहाला नगर. रविवारी गाडी बंद. म्हणजे शनिवारी दुपारी एकला बसा, साडेसहाला नगरला उतरा, तिथून बस धरून रात्री पुण्याला पोहोचा आणि मुक्काम शोधा. रविवारी बैठक. परतीची गाडी सोमवारी सकाळी ६.५५ ला, तीही नगरहून. ती धरायची तर रविवारची रात्र नगरला काढा. सोमवारी दुपारी साडेबाराला बीड. सोमवारची शाळा बुडाली. एका दिवसाच्या बैठकीला तीन दिवस. रेल्वे आमच्या दारात आली याचा आनंद खराच आहे, पण संघटनेच्या बैठकीला नेणारी गाडी अजून आमची एसटीच आहे. बैठका भरतात रविवारी आणि गाडी बंद रविवारी. रेल्वेकडे मागणी करायची तर हीच आधी केली पाहिजे : गाडी रविवारी सोडा, आणि नगरला पुण्याच्या गाडीशी तिची वेळ जुळवा. रूळ टाकायला तीस वर्षे लागली, वेळापत्रक बदलायला तेवढी लागू नयेत.

आमची ही स्थिती आज झालेली नाही. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. रूळ टाकले गेले ते हैदराबादच्या सोयीने. मनमाडहून निघालेली रेल्वे औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत सिकंदराबादकडे गेली. बीड तिच्या वाटेवर नव्हते. आमच्याच जिल्ह्यातल्या परळीला रेल्वे आहे, पण बीड शहरातून परळीला जायचे म्हणजे आधी पुण्याकडे पाठ करून तीन-साडेतीन तालुके ओलांडायचे. रस्त्याचे बघा. १ जून १९४८ ला महाराष्ट्रातली पहिली एसटी धावली ती पुणे-नगर रस्त्यावर. त्या दिवशी बीड वेगळ्या राज्यात होते. त्याच नगर रस्त्यावर आज आमची गाडी वाघोली-खराडीच्या कोंडीत अडकते. राजधानी हैदराबादहून मुंबईला आली, पण आमचा प्रवास काही कमी झाला नाही. सत्तेचे गाव बदलले आणि तिथे पोहोचायची जबाबदारी पुन्हा आमच्यावरच राहिली.

हे सगळे सरकारचे झाले. माझे भांडण आज सरकारशी कमी आणि आपल्याच चळवळींशी जास्त आहे. सरकारने रेल्वे दिली नाही म्हणून बीडचा माणूस रात्रभर प्रवास करतो, हे खरे. पण बैठक दहालाच का, हे सरकारने ठरवलेले नाही. ती रविवारीच का, पुण्यातच का, स्टँडपासून पाऊण तासाच्या अंतरावरच्या सभागृहातच का, हेही सरकारने ठरवलेले नाही. समता, सामाजिक न्याय आणि वंचितांचा आवाज हे शब्द ज्यांच्या लेटरहेडवर छापलेले असतात, त्यांनी ठरवलेले आहे. त्यासाठी कुठलाही निधी लागत नाही, कुठल्या मंत्रालयाची परवानगी लागत नाही. एक फोन लागतो : तुमची गाडी किती वाजता पोहोचते?

बायकांचे तर विचारूच नका. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट आहे. चांगली योजना आहे. पण पहाटे पावणेपाचला परक्या शहराच्या स्टँडवर एकट्या बसलेल्या शिक्षिकेला तिकिटातली निम्मी सवलत काय कामाची? ज्या घरातून तिला बैठकीला जाण्याची परवानगी मुश्किलीने मिळते, त्या घराला रात्रीच्या दोन प्रवासांचे निमंत्रण दाखवले की विषय तिथेच संपतो. तिला नको म्हणायला घरच्यांना धर्माचे कारणसुद्धा शोधावे लागत नाही, वेळापत्रक पुरते. मग तिची जागा समितीत रिकामी राहते, दोन-तीन बैठकांनंतर नाव कमी होते, आणि अहवालात छापून येते की मुस्लिम महिला अजून पुढे येत नाहीत. त्या पुढे येत नाहीत की त्यांना नेणारी दिवसाची गाडी तुमच्या वेळेत बसत नाही, हे कुणी तपासले?

१८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी मुंबईत विधानसभेवर सात मुस्लिम बायकांचा मोर्चा नेला. त्यांच्या मतांशी माझ्या वाचकांपैकी अनेकांचे पटत नाही, हे मला ठाऊक आहे. वादापुरते ते बाजूला ठेवा. सात जणी त्या दिवशी त्या ठिकाणी पोहोचल्या, एवढी गोष्ट बघा. आज साठ वर्षांनी आपण त्या सात जणींविषयी बोलतो ते त्या तिथे पोहोचल्या म्हणून. ज्यांना आपण पोहोचूच दिले नाही त्यांची गणती कुठल्या इतिहासात होणार?

पुण्याच्या बाजूने नेहमी एक शब्द पुढे केला जातो : मध्यवर्ती. पुणे सगळ्यांना मध्यवर्ती पडते म्हणे. महाराष्ट्राचा नकाशा वर्गाच्या भिंतीवर टांगलेला असतो, माझ्या चौथीच्या मुलांनीही बघितलेला आहे. पुणे त्या नकाशाच्या पश्चिम कडेला, सह्याद्रीला टेकून आहे. गडचिरोली, गोंदिया दुसऱ्या टोकाला. नकाशाच्या मध्याच्या जास्त जवळ कोण असेल तर ते बीड आहे, पुणे नव्हे. मध्यवर्ती या शब्दाचा खरा अर्थ, कार्यकारिणीतल्या बहुतेकांना घरून जवळ, एवढाच आहे. तसे स्वच्छ म्हणावे, माझी काही तक्रार नाही. भूगोलाच्या नावावर खपवू नये.

बरे, रेल्वेच्या सोयीनेच जागा ठरवायची तर मनमाड, दौंड, कुर्डुवाडी, भुसावळ, परभणी ही जंक्शने कशासाठी आहेत? चार दिशांच्या गाड्या तिथे थांबतात. स्टेशनला लागून मंगल कार्यालये आहेत, शाळा आहेत. रविवारी शाळा रिकामीच असते आणि मुख्याध्यापकाला विचारले तर तो आनंदाने चावी देतो. पण ‘दौंड येथे राज्यस्तरीय चिंतन शिबिर’ असे छापायला आपल्याला लाज वाटते.

मुंबईची बैठक असली तर आणखी मजा. रविवार हा तिथे मेगाब्लॉकचा दिवस. रात्रभर प्रवास करून आलेला बीडचा माणूस सकाळी लोकलच्या फलाटावर उभा राहून ऐकतो की धीम्या गाड्या जलद मार्गावर वळवल्या आहेत. मुंबईकराला ती घोषणा पाठ असते, तो रविवारी घराबाहेर पडतच नाही. आम्हाला मात्र नेमके त्याच दिवशी बोलावले जाते.

आपल्या बापजाद्यांना हे कळत होते. आठवडी बाजार बघा. आज या गावाला, उद्या त्या गावाला. बाजार एका गावी बसून म्हणत नाही की सर्वांनी वेळेवर उपस्थित राहावे. मालवाला, गिऱ्हाईक, बैल, म्हातारी बाई यांना दिवस मावळायच्या आत घरी परतता यावे, असा त्याचा वार आणि अंतर ठरलेले. मुशायरा, कव्वाली, भजन, जागर रात्रभर चालत, त्यातही शहाणपण होते : दूरगावचा माणूस मध्यरात्री जाणार कुठे? पहाटे उजाडले, पहिली गाडी लागली की मैफल उठे. आपल्याकडे इज्तेमा ठरला की तकरीर कोण करणार याच्या आधी पाण्याची सोय, वजूची जागा, गाड्या लावायला रान आणि झोपायला मंडप बघितला जातो. पंढरीच्या वाटेवर दिंड्यांचे मुक्काम आधी ठरतात आणि पायी चालणाऱ्याच्या ताकदीने ठरतात. श्रद्धेने भरणाऱ्या जमावांना जे जमते ते विवेकाने भरणाऱ्या बैठकांना का जमू नये? की विवेकवाद्यांना तोंड धुवायला पाणी लागत नाही?

आणि बीडच्या माणसाला पश्चिम महाराष्ट्रात कसे न्यायचे, हे कुणालाच ठाऊक नाही असेही नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीचा हंगाम आला की मुकादमाचे ट्रक-ट्रॅक्टर तांड्याच्या, वस्तीच्या दारापर्यंत येतात. बायका, पोरे, भांडीकुंडी, शेळ्या सगळे घेऊन जातात. कारखान्याला हात हवे असतात तेव्हा वाहन दारात येते. त्याच लोकांच्या प्रश्नावर परिषद भरते तेव्हा ती पुण्यात भरते आणि बीडच्या कामगाराने स्वखर्चाने यावे अशी अपेक्षा असते. तो येत नाही. मग त्याच्या वतीने दुसरेच कुणी बोलते, पुस्तक लिहिते, पारितोषिक घेते.

हलता येत नाही, असे तर मुळीच नाही. राज्याचे विधिमंडळ दरवर्षी नागपूरला अधिवेशन भरवते. १९५३ च्या नागपूर करारात तसे ठरले होते. फायली, मंत्री, सचिव, पोलीस सगळे उचलून नेतात. उच्च न्यायालयाचे खंडपीठ औरंगाबादला बसते. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरलाही सर्किट बेंच सुरू झाले. न्याय मागायला माणसाने किती लांब यावे, याचा विचार न्यायाधीशांनी केला. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १९८३ साली आमच्या अंबाजोगाईला भरले होते, व्यंकटेश माडगूळकर अध्यक्ष होते. तिथे तेव्हाही रेल्वे नव्हती, आजही नाही. तरी साहित्यिक पोहोचले, जेवले, बोलले, सुखरूप परतले. २०२२ चे संमेलन उदगीरला झाले. आणि मुस्लिम मराठी साहित्य संमेलनाची सुरुवात १९९० मध्ये सोलापूरला झाली. पुण्याला नाही, मुंबईला नाही. सोलापूर आमच्या हाकेच्या अंतरावरचे. जे दीडशे खुर्च्यांच्या सभागृहापेक्षा शंभरपटीने मोठे आहे ते हलते, आणि चाळीस माणसांची बैठक पुण्यातून हलत नाही!

ऑनलाइन या, असाही सल्ला मिळतो. येतो. पण पडद्यावरचा सदस्य आणि खोलीतला सदस्य यांत फरक राहतो. आवाज येतोय का, यात पहिली पंधरा मिनिटे. दुपारी चहाला सगळे उठतात आणि पुढचा कार्याध्यक्ष कोण, हे त्या चहात ठरते. पडद्यावरच्या माणसाला चहा मिळत नाही. ऑनलाइन ही आजारी किंवा अडलेल्या माणसाची सोय आहे. सगळ्या मराठवाड्याला कायमचे आजारी धरू नका.

एवढे पुण्या-मुंबईला बोललो तर थोडे आपल्यालाही बोलतो. बीड जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. जिल्ह्याची बैठक कुठे होते? बीड शहरात. वेळ? सकाळी अकरा. धारूरच्या डोंगरातल्या किंवा आष्टीच्या पलीकडच्या गावातला कार्यकर्ता किती वाजता निघतो, हे बीडच्या किती पदाधिकाऱ्यांनी विचारले? शेवटची मुक्कामी गाडी पाच वाजता सुटते म्हणून तो मध्येच उठला की आपलेच लोक म्हणतात, यांना गांभीर्य नाही. पुण्याने आपल्याशी जे केले तेच आपण आष्टीशी, पाटोद्याशी, वडवणीशी करतो. जो ज्याच्यापेक्षा मोठ्या स्टँडजवळ राहतो तो त्याला वेळेचे धडे देतो.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत आणि त्या पुण्यालाही लागू आहेत, बीडलाही.

बैठक बाराला सुरू करा आणि चारला संपवा. चार तासांत जे ठरत नाही ते आठ तासांतही ठरत नाही, भाषणे मात्र वाढतात. बाराची बैठक असली की बीडचा माणूस पहाटेची गाडी धरून येऊ शकतो. परत निघाला की मध्यरात्रीच्या आत नाही तरी आसपास घरी पोहोचतो. एक रात्र वाचते. बाईला दिवसाचा प्रवास मिळतो.

वर्षाच्या चार बैठकांपैकी दोन पुण्या-मुंबईबाहेर घ्या. एक मराठवाड्यात, एक विदर्भ-खानदेशात. त्या दिवशी पुणेकरांनी रात्रीच्या गाडीने यावे. यात सूड नाही. एकदा त्या बाकावर पहाट काढली की निमंत्रणातली भाषा आपोआप बदलते.

जागा स्टँड किंवा स्टेशनपासून चालत जाता येईल अशी घ्या. सभागृह साधे असले तरी चालेल. आदल्या रात्रीपासून एक खोली पुरुषांना, एक बायकांना उघडी ठेवा. पाणी आणि चटई पुरे.

प्रवासखर्च वर्गणीतून द्या. ज्याच्या दारात बैठक आहे आणि जो अडीचशे किलोमीटरवरून येतो, या दोघांनी एकाच बैठकीसाठी वेगवेगळी किंमत मोजू नये. पैसे नाहीत म्हणाल तर स्मृतिचिन्हे, शाली आणि पुष्पगुच्छ एक वर्ष बंद ठेवा. किती तिकिटे निघतात ते बघा.

आणि इतिवृत्तात उपस्थितीच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना घाला : प्रवासाचे तास. पुण्याच्या सदस्यापुढे अर्धा, बीडच्या सदस्यापुढे बारा, किनवटच्या सदस्यापुढे त्याहून जास्त. कोण गंभीर आहे आणि कोणाचा प्रतिसाद कमी आहे, हे त्या रकान्यावरून कळेल.

पुढच्या महिन्याच्या बैठकीचे निमंत्रण परवाच हातात पडले आहे. रविवार, सकाळी दहा, पुणे. या वेळी मी संघटनेला उत्तर लिहिले आहे : बैठक बाराला घ्या, मी येतो आणि माझ्याबरोबर दोन शिक्षिकाही येतील. दहालाच घ्यायची असेल तर गैरहजेरीचे कारण म्हणून ‘प्रतिसाद नाही’ असे लिहू नका, ‘वेळ आम्ही चुकीची ठेवली’ असे लिहा. उत्तर अजून आलेले नाही. आले की वाचकांना कळवीन.